पागेतली विश्रांती : जखमी घोड्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. घोडा जायबंदी झाला, डॉक्टरांनी काही महिने तबेल्यातच ठेवायला सांगितलं, पण त्या महिन्यांत रोज नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. घोडा कामावर नसला की मोतद्दाराचं, म्हणजे त्याची निगा राखणाऱ्याचं, काम कमी होतं असं वाटतं. खरं तर ते वाढतं. म्हणून हे सदर यंदा सगळं याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आमचा 9 वर्षांचा घोडा माथेरानला पर्यटकांना फिरवतो. दिवाळीच्या सीझनमध्ये उतारावर पुढचा डावा पाय घसरला आणि गुडघ्याखाली मागच्या बाजूला सूज आली. सोनोग्राफीत नसेला चीर दिसली. आता सहा आठवडे झालेत. लंगडणं पूर्ण थांबलंय, सूज उतरलीय. नाताळचा सीझन तोंडावर आहे. हलकं काम दिलं तर चालेल का?
– एक घोडेवाले, माथेरान

नाही चालणार. नसेच्या दुखापतीत घोडा कायमचा बाद होतो तो बहुधा याच टप्प्यावर, सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, कारण तेव्हा तो वरून ठणठणीत दिसतो.

लंगडणं थांबतं ते दाह उतरल्यामुळे. चीर भरून येण्याशी त्याचा संबंध नाही. नस, म्हणजे टेंडन, हा स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा असतो आणि त्यात रक्तपुरवठा फार कमी. चीर पडलेल्या जागी शरीर आधी घाईघाईने कच्चे तंतू भरतं. हे तंतू आडवेतिडवे असतात आणि मूळच्या तंतूंइतके ताणले जात नाहीत. ते पायाच्या लांबीच्या दिशेने सरळ होऊन पक्के व्हायला महिने जातात. पूर्ण काम सुरू करायला एकूण 9 ते 12 महिने धरा. मधेच माणूस बसवून उतारावर नेलात तर जुनी नस आणि नवा भराव यांच्या सांध्यावर ती पुन्हा फाटते, आणि दुसरी चीर बहुतेक वेळा पहिलीपेक्षा मोठी असते.

पण तंतू सरळ होण्यासाठी त्यांच्यावर थोडा, मोजका ताण यावाच लागतो. त्यामुळे घोडा सहा महिने नुसता खुंट्याला उभा ठेवणं हेही चुकीचंच. यावर उपाय म्हणजे घड्याळ लावून हाताने चालवणं.

तुमच्या डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. मध्यम चिरेसाठी साधारण क्रम असा असतो : पहिले तीन दिवस दिवसातून चार वेळा 20-20 मिनिटं बर्फ किंवा गार पाण्याची धार आणि पूर्ण आराम. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हाताने चालवायला सुरुवात, 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दिवसाच्या एकूण वेळेत दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत तीन महिन्यांच्या शेवटी दिवसाला एकूण 40 ते 60 मिनिटं. इथे पुन्हा सोनोग्राफी करायची आणि ती चांगली आली तरच दुडकी सुरू करायची. चाळीस मिनिटांच्या चालण्यात फक्त 5 मिनिटं दुडकी, आणि दर दोन आठवड्यांनी त्यात 5 मिनिटांची भर. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. त्याच्या आधी भरधाव नाही, आणि मोकळं सोडणंही नाही. मोकळा सुटलेला घोडा पहिल्या मिनिटात उधळतो आणि तीन महिन्यांची मेहनत एका वळणावर वाया जाते.

तुम्ही अजून सहाव्या आठवड्यात आहात. म्हणजे सध्या तुमच्या घोड्याचा हक्क दिवसाला एकूण 25 ते 35 मिनिटांच्या चालण्यावर आहे, दोन वेळा विभागून, रिकाम्या पाठीने.

माथेरानला अडचण जमिनीची आहे. नसेला हवी सपाट, टणक, पण ठोकर न देणारी जमीन, आणि सरळ रेषेतली चाल. तुमच्याकडे लाल जांभ्याची वाट, त्यात सुटे दगड, चढ आणि उतार. घसरलं की नसेवर एकदम झटका येतो. म्हणून सपाट असा शंभर-दीडशे पावलांचा एकच तुकडा निवडा, त्यावरचे दगड वेचून काढा आणि तिथेच फेऱ्या मारा. टोकाला वळताना मोठा वळसा घ्या. जागच्या जागी फिरवू नका. पाय रुतेल अशी खोल, भुसभुशीत माती किंवा वाळूसुद्धा टाळा, तिच्यात नस जास्त ओढली जाते.

रोज सकाळी, चालवायच्या आधी, दोन्ही पुढच्या पायांवर हाताचा उलटा पंजा फिरवा. उष्णता तळहातापेक्षा पंजाच्या मागच्या बाजूला लवकर कळते. गुडघ्याखाली ठरावीक जागी, उदाहरणार्थ बारा बोटांवर, केसांवर कात्रीने छोटी खूण करा आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजून वहीत लिहा. घेर अर्धा सेंटिमीटर वाढला, किंवा ती जागा शेजारच्या पायापेक्षा गरम लागली, की त्या दिवशी चालवणं बंद आणि दुसऱ्या दिवसापासून आधीच्या आठवड्याची मिनिटं. असं दोनदा झालं तर डॉक्टर.

पुढे काम सुरू कराल तेव्हा वजनाचा नियम कडक पाळा. खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं नको. तुमचा घोडा साडेतीनशे किलोचा असेल तर ही मर्यादा 70 किलो येते, म्हणजे खोगीर वजा करता साठ किलोच्या आसपासचा माणूस. पहिला सीझन त्याला लहान मुलांपुरताच ठेवता आला तर उत्तम. एक सीझन बुडाला की घराचं गणित कसं बिघडतं याची आम्हाला कल्पना आहे. पण हा घोडा नाताळला उतारावर गेला तर पुढचे सगळेच सीझन पणाला लागतात.

प्रश्न : लग्नाच्या वरातीत नाचणारी घोडी मागच्या पायाच्या दुखापतीमुळे दीड महिना बांधून आहे. अशक्तपणा येऊ नये म्हणून घरच्यांनी हरभऱ्याची चंदी (दाणा) रोज 4 किलो चालूच ठेवली. आता लीद कमी आणि टणक पडते, कधी कधी ती कुशीकडे वळून बघते. काय द्यावं?
– एक वाचक, अकलूज

द्यायच्या आधी कमी करा. कुशीकडे बघणं ही पोटशूळाची पहिली खूण आहे, त्यामुळे हे उत्तर वाचून झाल्यावर आजच डॉक्टरांना दाखवा. घोडी पुढच्या पायाने जमीन खरडत असेल, उठबस करत असेल, वरचा ओठ उलटा करत असेल किंवा लीद पूर्ण थांबली असेल तर वाट बघायची नाही. जबड्याखालच्या नाडीवर बोटं ठेवून ठोके मोजा. आरामात उभ्या घोडीचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. साठच्या वर गेले तर मामला गंभीर आहे. डॉक्टर येईपर्यंत चारा आणि चंदी समोरून काढून घ्या. बाटलीने किंवा नळकांड्याने तेल अथवा काढा घशात ओतू नका. तो श्वासनलिकेत गेला तर पोटशूळ राहतो बाजूला आणि घोडी न्यूमोनियाने जाते. तेल पाजायचंच असेल तर डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून पाजतात.

आता हे का झालं ते बघू. घोड्याचं आतडं चालण्यावर चालतं. रोजची हालचाल थांबली की आतड्याची गती मंदावते, पाणी कमी प्यायलं जातं आणि कोरडा चारा मोठ्या आतड्याच्या वळणावर अडकतो. त्यात दाणा तेवढाच राहिला की पिष्ट न पचता पुढे सरकतं, आंबतं, गॅस धरतो आणि त्यातून खुरांचा दाहही उद्भवू शकतो. शिवाय भरपूर चंदी खाऊन उभी राहिलेली घोडी काही आठवड्यांनी चालायला काढली की पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची येते. हा प्रकार ताकद कमी पडल्याने होत नाही. न खर्चलेल्या चंदीने होतो.

पोट पूर्ववत झालं, डॉक्टरांनी खायला द्यायला सांगितलं, की मांडणी अशी ठेवा. घोडी साडेतीनशे किलोची धरू. तिला दिवसाला 6 ते 7 किलो वाळलेलं गवत, चार-पाच वेळा विभागून. मारवेल किंवा पवना मिळालं तर उत्तम. कुसळी आधी नीट बघा. बी धरल्यानंतर कापलेली असेल तर तिची कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात आणि घोडी खाणं सोडते. ज्वारीचा कडबा द्यायचा तर पूर्ण वाळलेला आणि बारीक कुट्टी केलेला, तोही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. हिरवी ज्वारी घोड्याला देऊच नये. कोवळ्या ज्वारीत विष असतं हे गुराढोरांच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण घोड्यात हिरवी ज्वारी बरेच दिवस खाल्ल्याने मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडण्याचा वेगळाच आजार होतो.

वाळलेली लसूणघास दिवसाला एक किलो चालेल, तिच्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं. चंदी शून्य, किंवा फार तर क्षारमिश्रण कालवण्यापुरती दोन ओंजळी. मीठ 30 ग्रॅम रोज, त्याने पाणी प्यायलं जातं. गवत अर्धा तास पाण्यात भिजवून निथळून दिलंत तर आणखी चांगलं. पाण्याची बादली खुणा करून ठेवा आणि किती संपलं ते लिहा. वीस लिटरच्या खाली गेलं तर काळजी करा, उन्हाळ्यात तीसच्या खाली. गव्हाचा कोंडा पोट साफ करतो हा समज सोडून द्या. कोंड्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे महिनोन्महिने रोज कोंडा दिला तर हाडं पोकळ होतात. दुखापत भरून येण्याच्या काळात हे नकोच.

लिदेचे ढीग मोजायची सवय लावा. दिवसाला 8 ते 12 हे ठीक. ही मोजणी पहाटे तबेला साफ करतानाच होते, वेगळा वेळ लागत नाही. आणि घोडी वाळत नाहीये ना हे डोळ्यांनी ठरवू नका, हाताने ठरवा : बरगड्या दिसू नयेत, पण तळहात फिरवला की सहज लागाव्यात.

प्रश्न : जखमी पुढच्या पायावर क्रेप बँडेज बांधतो. आता मागचे दोन्ही पायही सुजलेत. त्यांनाही बांधायचं का?
– एक वाचक, शिरूर

आधी ही सूज कोणती ते बघा. दोन्ही मागच्या पायांना सारखी, मऊ, गार, बोटाने दाबलं की खड्डा पडतो, दुखत नाही, आणि थोडं चालवलं की उतरते, अशी असेल तर ती निव्वळ उभं राहिल्याची सूज आहे. तिला औषध लागत नाही. एकाच पायाला, गरम, हात लावू न देणारी आणि सोबत ताप (101.5 फॅरनहाइटच्या वर) असेल तर तो संसर्ग आहे, डॉक्टर बोलवा.

बांधण्याबद्दल मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्रेप बँडेज थेट कातडीवर कधीही बांधायचं नाही. खाली कापसाची जाड गादी हवी, दाबल्यावरही बोटभर उरेल एवढी. गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या खालपर्यंत गादी सपाट गुंडाळा, एकही सुरकुती न राहता. मग पट्टी मधून सुरू करून खाली, तिथून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकेल असा. पट्टी ओढायची ती पुढच्या हाडावर. मागच्या नसेवर ओढ दिलीत तर बँडेजनेच नस दुखावते. गादी वर-खाली दोन बोटं बाहेर दिसली पाहिजे आणि वरच्या कडेतून एक बोट सहज आत गेलं पाहिजे. रोज सोडून, पाय चोळून, कोरडा करून पुन्हा बांधा. ज्या पायावर जखम आहे त्याच्या जोडीचा चांगला पायही बांधा, कारण तो दुप्पट भार उचलतोय.

प्रश्न : घोडीच्या मागच्या उजव्या पायाला सांध्याजवळ खोल जखम आहे. तीन आठवडे ती तो पाय टेकत नव्हती. कालपासून अचानक टेकायला लागली. बरी होतेय असं समजायचं ना?
– एक वाचक, लोहा, जि. नांदेड

लगेच समजू नका. आधी डावा पाय बघा.

दुखरा पाय हळूहळू, रोज थोडा जास्त टेकला गेला तर ती सुधारणा. पण एका दिवसात टेकायला लागली तर बऱ्याचदा कारण असं असतं की भार सोसणारा चांगला पाय आता दुखऱ्या पायापेक्षाही जास्त दुखू लागला आहे. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला मऊ पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. पाय सतत दाबलेला राहिला की या पापुद्र्यांचं रक्त तुटतं, ते सुटू लागतात आणि हाड खाली सरकतं. हे झालं की मूळ जखम बरी होऊनही घोडी वाचवणं कठीण होतं.

डाव्या खुराच्या भिंतीवर हात ठेवा. तासन्‌तास गरम आहे का? घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवा. तिथली नाडी एरवी जेमतेम लागते, ती टकटक उडतेय का? घोडी पुन्हा पुन्हा भार बदलतेय का, नाल ठोकायला पाय उचलू देत नाही का? यातलं एकही उत्तर हो असेल तर डॉक्टर आजच. तोवर चंदी बंद, तो खूर आणि घोटा बर्फाच्या पाण्यात सलग ठेवायचा, बर्फ वितळला की नवीन. पायाखाली वीतभर उंचीचं मऊ अंथरूण. खुराच्या आकाराचा 4-5 सेंटिमीटर जाड थर्माकोलचा किंवा फोमचा तुकडा कापून चिकटपट्टीने तळव्याला बांधा. दाबून तो पातळ होतो, मग त्यावर दुसरा लावा. तिला चालवून बघू नका.

ही तपासणी, म्हणजे खुराची उष्णता आणि घोट्याची नाडी, ज्या घोड्याचा एक पाय टेकत नाही त्याची दिवसातून दोनदा व्हायला हवी. आणि उघडी जखम आहे म्हणून विचारतो : धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे ना? घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही.

प्रश्न : चार वर्षांचा मारवाडी घोडा दोन महिने बंद आहे. दारात उभा राहून सारखा डावी-उजवीकडे झुलतो, मोतद्दाराला चावतो. चालवायला काढला की दोन पायांवर उभा राहतो. झोपेचं औषध देणं योग्य आहे का?
– एक वाचक, हवेली

योग्य आहे, डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली तर. पहिले काही दिवस बाहेर काढायच्या अर्धा-पाऊण तास आधी सौम्य गुंगी देणं हे उधळून नस तोडून घेण्यापेक्षा केव्हाही बरं. नर घोड्यात यातलं एक औषध क्वचित लिंगाला लकवा आणतं, म्हणून औषध निवडताना घोडा खच्ची केलेला नाही हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बाकी उपाय तबेल्यात आहेत. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधलेले दोर, सोडा. बारा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत तो सुटा राहू दे, त्याला दुसरा घोडा दिसू दे. घोडा मिळत नसेल तर सोबतीला शेळी ठेवा, अनेक घोडे तेवढ्याने शांत होतात. गवत लहान भोकांच्या जाळीत, छातीच्या उंचीला बांधून द्या, म्हणजे एक पेंढी दोन-तीन तास पुरते. जाळी रिकामी झाल्यावर लोंबून पाय अडकणार नाही एवढी वर हवी. खरारा दिवसातून दोनदा, सावकाश.

चालवायला नेताना नुसत्या म्होरकीवर नेऊ नका, लगाम घाला, दोर तीन मीटर लांब ठेवा आणि हातात मोजे घाला. दोर हाताला गुंडाळू नका. खाऊन झाल्यावर काढा, उपाशी पोटी घोडा जास्त भडकतो. वेळ पहाटेची. गावात लग्न आणि डीजे असेल त्या दिवशी सरळ सुट्टी.

प्रश्न : नस लवकर भरावी म्हणून डाग द्यायला सांगतात. द्यावा का? आणि दुखणं थांबायला माणसांचं डायक्लोफिनॅक टोचलं तर?
– एक वाचक, शहादा

दोन्ही नको. तापल्या लोखंडाने कातडी जळते, नस भरत नाही. डागलेल्या घोड्याला फायदा झालेला दिसतो तो डागामुळे सक्तीने मिळालेल्या विश्रांतीचा.

डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला भारतात 2006 पासून बंदी आहे, कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. घोड्यासाठी डॉक्टर बहुधा फिनिलब्युटाझोन देतात. तेही लिहून दिलेल्या दिवसांपुरतंच. जास्त दिवस दिलं तर जठराला आणि आतड्याला व्रण पडतात, आणि दुसऱ्या वेदनाशामकासोबत दिलं तर धोका वाढतो. शिवाय वेदना पूर्ण दाबली की घोडा पाय जपत नाही. त्या औषधाच्या अमलाखाली चालवून ‘लंगडत नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : अंथरूण म्हणून भाताचा पेंढा घालतो, घोडी तोच खाते. काय घालावं?
– एक वाचक, आजरा

लाकडाचा भुसा, वीतभर जाड. तो रंधाकामाचा, धूळ नसलेला आणि रसायन न मारलेल्या लाकडाचा हवा. तुसाचंही चालतं, फक्त दिलेलं गवत त्यात सांडून तूस पोटात जाणार नाही असं बघा. बंद घोडी कंटाळून पेंढा खाते आणि त्याचाच पोटात गच्च गोळा बसतो.

ओला भाग रोज काढायचाच. अंथरूण पुरेसं स्वच्छ आहे की नाही हे उभ्याने कळत नाही. खाली वाका, घोडी लोळते त्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर तिच्या फुप्फुसांनाही तेच होतंय. खुराचा तळवा रोज खरवडा. मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काळं, घाण वासाचं काही दिसलं तर ती कुज आहे, ती कोरड्या अंथरुणाशिवाय हटत नाही. नालबंदाला दर पाच-सहा आठवड्यांनी बोलवा, घोडी कामावर नसली तरी. खुराचं पुढचं टोक लांब वाढलं की प्रत्येक पावलाला मागची नस जास्त ओढली जाते.